पत्रा टाकू का कौलं?

एप्रिल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. यंदा तो आमच्या गल्लीतल्या अक्कांनी विचारला. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर, वर वीसेक वर्षांचा गंजका पत्रा, त्यावर वाऱ्याला दाबून धरायला ठेवलेले अकरा दगड, आणि दिवाळीनंतर पोराचं लग्न.

"इंजिनिअर, स्लॅबला पैसा नाही बगा. नवा पत्रा टाकू का कौलं घालू? भाऊ म्हणतोय कौलं गार असतेत."

मी इंजिनिअर कसला, घरांची एस्टिमेटं काढून देणारा डिप्लोमावाला. पण अक्कांच्या भावाचं ते वाक्य सोलापुरात इतक्यांदा ऐकलंय, की एकदा सगळं नीट लिहूनच काढावं म्हटलं. कौलं गार असतात हे खरं आहे. ती कशामुळे गार असतात हे कळलं, की पत्राही बराच गार करता येतो. आणि ते नाही कळलं, तर कौलं घालूनही माणूस मे महिन्यात गच्चीच शोधतो.

आधी एक गोष्ट. या भागाचं मूळ छत या दोन्हींपैकी एकही नाही. आपलं छत म्हणजे माळवद. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा किलच्या, त्यावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर, आणि उजेडासाठी मध्येच ठेवलेलं साणं. उन्हाळ्यात आत शिरलं की डोळे मिटावेत असा गारवा. हे आपल्याला परवडायचं, कारण पाऊस कमी. कोकणात असलं सपाट मातीचं छत एक पावसाळाही टिकणार नाही. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींवर बसलेलं ते जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळलं, आणि डोक्यावर वजन नको ही धास्ती या सगळ्या पट्ट्यात घर करून बसली. पत्रा हलका, पडला तरी माणूस वाचेल, हा हिशेब तेव्हापासून पक्का झाला. तो चुकीचाही नाही.

कौलाचं तसं नाही. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो, ते बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून साच्यात पाडायला सुरुवात केलेलं कौल. खाचेत खाच बसणारं, सगळी मापं सारखी. धो धो पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर ते जन्मलं. पन्हळी पत्रा त्याच्याही आधीचा: १८२९ मध्ये लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने पत्र्याला पन्हळ पाडायची युक्ती काढली. सपाट पत्रा हाताने वाकतो, पन्हळ पाडला की त्याच पत्र्यावर माणूस उभा राहतो. सोलापुरात एका तालमीचं नावच पत्रा तालीम आहे, यावरून पत्रा इथे किती मुरलाय ते समजा.

म्हणजे कौल पावसासाठी घडलं. आपल्याकडे वर्षाला जेमतेम साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, त्यातही सगळ्यात जोराचा सप्टेंबरात. गळकं छत हा इथला पहिला त्रास नाही. पहिला त्रास ऊन, दुसरा वळवाचं वारं. छत निवडायचं ते या दोघांना समोर ठेवून.

आता ऊन. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली उभे राहा आणि टाळू कुठे तापते ते बघा. हवा गरम असतेच, पण डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं जे वाटतं, ते हवेमुळे नव्हे. तापलेला पत्रा खालच्या अंगाने उष्णता फेकत असतो. चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसं. या फेकलेल्या उष्णतेला मध्ये हवा लागत नाही, वारा लागत नाही. म्हणून पंखा लावला तरी डोकं तापायचं थांबत नाही.

ती किती असते? मे महिन्यात भर उन्हात पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज जातो. ६५ अंशाचा रंगवलेला किंवा काजळलेला पत्रा, ३५ अंशाच्या छतापेक्षा दर चौरस मीटरला ढोबळ दोनशे वॅट जास्त फेकतो. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ-सव्वानऊ चौरस मीटर छत. म्हणजे झाले दोन हजार वॅटच्या जवळपास. दोन इस्त्र्या चालू करून आढ्याला उलट्या टांगाव्यात आणि खाली जेवायला बसावं, असा हा प्रकार.

कौल इथे जिंकतं ते चार कारणांनी. एक, ते जाड असतं आणि माती उष्णता हळू पुढे ढकलते. लोखंड मातीच्या कितीतरी पट वेगाने. दुसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. दोन कौलांच्या सांध्यात बारीक फटी असतात, त्यातून वर साचलेली गरम हवा निघून जाते. कौलारू छत श्वास घेतं. पत्रा म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. तिसरं, कौल पाणी पितं आणि ते उडताना छत गार होतं. संध्याकाळी कौलांवर पाणी मारलं की फरक लगेच कळतो, पण नळाला रोज पाणी नसणाऱ्या शहरात हा सल्ला कुणाला देऊ? आणि चौथं, ज्याचं श्रेय कौलाला फुकट मिळतं: उंची. कौलाला उतार जास्त लागतो, त्यामुळे आढं उंच जातं आणि तापलेलं छत डोक्यापासून लांब राहतं.

या चारपैकी तीन गोष्टी पत्र्यालाही देता येतात. पाणी पिण्याचं तेवढं सोडा. उंची भिंत वर घेऊन मिळते, बाकीचं असं.

पत्रा पांढरा करायचा. नवा पांढरा पृष्ठभाग उन्हाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतो. आपल्याकडे यासाठी चुना मारतात. स्लॅबला चुना उत्तम, पत्र्याला नको. चुन्याचा क्षार जस्ताचा आणि त्याहून जास्त ॲल्युमिनियमचा थर खातो, शिवाय पहिल्या वळवात अर्धा चुना पन्हाळीतून वाहून जातो. पत्र्यासाठी पांढरा ॲक्रिलिक कूल रूफ रंग घ्या, किंवा पत्राच पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचा आणा. गडद निळा आणि विटकरी पत्रा दिसायला छान असतो, पण तो निवडलात तर पंखा वाढवा एवढंच म्हणेन. आणि पांढरेपणा टिकवायला दर फेब्रुवारीत एकदा धूळ धुवायची. सोलापूरची धूळ पांढऱ्याचं खाकी करायला फार वेळ घेत नाही.

पत्र्याखाली फॉइल लावायचा. बुडबुड्यांची चंदेरी शीट मिळते, बबल शीट म्हणतात. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः तापलं तरी उष्णता फारच कमी फेकतं, तिचं सगळं कसब एवढंच. पण पत्रा आणि शीट यांच्यात निदान इंचभर हवेची जागा हवी आणि चकचकीत बाजू खाली, मोकळ्या हवेकडे हवी. वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि धूळ बसलेली चांदी कामाची नाही. बहुतेक ठिकाणी ती छताच्या लोखंडी पाइपांवर टाकून वरून पत्रा आवळून टाकतात. मग दोन्हींच्या मध्ये हवा उरत नाही आणि मालक म्हणतो, फॉइलचा काही उपयोग झाला नाही.

हवा बाहेर काढायची. आढ्याजवळ समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके, किंवा उंच बाजूला सलग जाळी. आपल्या जुन्या गिरण्यांची आणि लूमच्या शेडची करवतीच्या दात्यांसारखी छतं आठवा. दात्याच्या उभ्या बाजूला काच, आणि ती काच उत्तरेला. उजेड भरपूर आत येतो, कडक ऊन येत नाही. ती काही शोभेसाठी केलेली नाहीत.

खेड्यात पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा पसरतात. उन्हाला ते काम करतं, खोटं कशाला बोला. पण पाऊस पडला की ओलं पाचट पत्र्याला चिकटून बसतं आणि खालून गंज सुरू होतो. शिवाय ठिणगी पडली तर काय, हेही धरा. थर्माकोलच्या सीलिंगबद्दल मात्र मी एकदम कडक आहे. स्वयंपाकघरावर थर्माकोल लावू नका. तो भराभर पेटतो आणि वितळून खाली गळतो.

पैसा असेल तर पफ पॅनल घ्या, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला तयार तक्ता. उन्हाचा प्रश्न तिथे जवळपास संपतो, पावसाचा आवाजही. बंगल्यांवर हल्ली कौलासारखा छापाचा पत्रा टाकतात, तो कौल नव्हे. रंगरूप कौलाचं, स्वभाव पत्र्याचा.

आता वारं. माझ्या मते सोलापुरात खरा जीव इथे अडकलेला असतो.

मे महिन्यात दुपारनंतर आभाळ काळं होतं, धुळीची भिंत चालत येते, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा ना कुणाचा पत्रा शेजारच्या शेतात सापडतो. लोकांना वाटतं वारं पत्र्याखाली शिरून तो उचलतं. कधी कधी तसं होतंही. पण दारं-खिडक्या बंद असल्या तरी पत्रा उडतो, कारण छतावरून जोरात वाहणारं वारं वरचा दाब कमी करतं आणि पत्रा वर ओढला जातो. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात ही ओढ एका चौरस मीटरला साधारण पंचेचाळीस किलोच्या घरात जाते. कडेला आणि कोपऱ्यावर याहून जास्त. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो.

अक्कांना मी हे त्यांच्याच खोलीवर करून दाखवलं. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर. वर ओढ पाचशे किलो. पत्रा पंचावन्न किलो. अकरा दगड, प्रत्येकी आठ किलो धरा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. "राहिलेले साडेतीनशे किलो कोण धरतंय?" अक्का वर बघत राहिल्या. म्हणाल्या, "देव." देव आणि पत्रा पाइपाला धरणारे जुने J आकाराचे हुक.

दगडाने आणखी नुकसान होतं. तो थोडा थोडा हलतो, जस्ताचा थर घासतो, त्याखाली पाणी साचतं आणि गंजाचं पहिलं भोक बरोबर दगडाखाली पडतं. आणि पत्रा उडालाच तर दगडही सोबत उडतात.

पत्रा धरून ठेवायचा तो स्क्रूने. पाइपात नीट बसलेला एक सेल्फ ड्रिलिंग स्क्रू शंभर किलोच्या वर ओढ सहज सोसतो. पण स्क्रूने पत्रा पाइपाला धरला, पाइप भिंतीला कुणी धरला? आमच्याकडे पाइप भिंतीच्या वरच्या विटेत घालून मसाला मारतात. मोठं वादळ आलं की पत्रा सुटतच नाही, अख्खा सांगाडा वरच्या दोन विटांसकट उठतो. म्हणून भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीट पट्टा घ्या, त्यात बोल्ट किंवा प्लेट आधीच बसवा आणि पाइप त्याला वेल्ड करा. पट्ट्याचा खर्च लोक वाचवतात. मी एस्टिमेटातून बाकी काहीही कमी करतो, हा कमी करत नाही.

कौलाचं वाऱ्याशी निराळं नातं आहे. एका चौरस मीटरला पंधराएक कौलं, वजन पस्तीस-चाळीस किलो. वाऱ्याची ओढ जवळपास वजनानेच फिटते, आणि फटींमुळे आतला-बाहेरचा दाब थोडाफार सारखा होत राहतो. उडतात ती वळचणीची आणि आढ्यावरची. मंगळुरी कौलाच्या पाठीला बारीक भोकाचा एक कान असतो, तो तार ओवण्यासाठी. किती गवंड्यांना ते माहीत आहे देव जाणे. कडेच्या दोन ओळी तरी तारेने रिपेला बांधायच्या, आढ्याची कौलं मसाल्यात बसवायची.

पण हेच वजन खाली कुणीतरी उचलायचं असतं. रिपा-वासे धरून कौलारू छत चौरस मीटरला साठ-पासष्ट किलोपर्यंत जातं. पत्र्यासाठी घातलेल्या हलक्या पाइपांवर कौलं चढवायचा विचार करू नका, आणि मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर तर नकोच. किल्लारीची आठवण त्यासाठीच काढली.

आणि उतार. बहुतेकांचं गणित इथे तुटतं, कारण विकत घेताना याचा कुणी विचारच करत नाही. कौलाला दोन फुटाला एक फूट उतार हवा, नाहीतर पाणी सांध्यातून मागे फिरतं. पत्र्याला सहा-आठ फुटाला एक फूटही चालतो. बारा फूट खोल खोलीला दोन पाखी छत केलं, तर मध्ये आढं तीन फूट वर जातं, ते जमण्यासारखं आहे. पण गल्लीतल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. पाणी सोडायचं एकाच बाजूला, रस्त्याकडे. एकपाखी कौल घातलं तर मागची भिंत पुढच्यापेक्षा सहा फूट उंच घ्यावी लागेल. सहा फूट! तेवढ्यात पोटमाळा होतो. अक्कांच्या घराचा निकाल खरं तर इथेच लागला होता.

बाकीचं पटकन सांगतो. गारपीट झाली तर कौल फुटतं, पत्र्याला पोचे पडतात. वानरं येत असतील त्या गावात कौलांचा नाद सोडा. कौलांतून धूळ येते. भाकरी थापताना पिठात वरून माती पडायला लागली की सासू-सून दोघींचं एकमत होतं. पत्र्याला हिवाळ्यात आतून घाम येतो. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, पहाटे पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो, आणि आतल्या श्वासाची, चुलीवरच्या वाफेची थेंबं होऊन अंथरुणावर पडतात. लोक समजतात गळतंय. झरोका असला की हे थांबतं. संध्याकाळी टक् टक् आवाज येतो, तो पत्रा आकसण्याचा: वीस फुटी पत्रा पहाट ते दुपार साडेतीन मिलिमीटरने लांबतो, रात्री परत तेवढाच आखडतो. म्हणून स्क्रूखालचं रबरी वायसर चांगलं हवं. दहा-बारा वर्षांनी गळतं ते बहुधा तिथूनच. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो फोडू, कापू, घासू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पूर्ण पत्रा ओला करून, न तोडता उतरवा.

पाणी साठवायचं असेल तर पत्र्यासारखं छत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे फुटांच्या पत्र्यावरून, सहाशे मिलिमीटर पावसात, थोडं वाया गेलं असं धरूनही वर्षाला बावीस हजार लिटर. कौल पहिलं पाणी स्वतःच पितं.

देखभालीचं मात्र मोकळेपणाने बोलू. कौलं दरवर्षी मेमध्ये शाकारावी लागतात: सरकलेली परतवायची, फुटलेली बदलायची, पालापाचोळा काढायचा. एका पिढीपूर्वी हे घरातलाच कुणी करायचा. आता कौलावर पाय कुठे ठेवायचा हे माहीत असलेला माणूस शोधावा लागतो. चुकीच्या जागी पाय पडला की एक दुरुस्त करताना चार फुटतात. तुमच्या घरी वर चढणारं कुणी नसेल, तर कौलं घेऊ नका असं मी सरळ सांगतो. चढणारं असेल, भिंती मजबूत असतील, शेतातलं सुटं घर असेल, तर कौलांसारखं सुख नाही. आणि चांगलं कौल माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतं. जुन्या वाड्यांची उतरलेली कौलं बाजारात मिळतात. घेताना बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर भेग आहे किंवा भाजणी कच्ची आहे. शंका असेल तर एक कौल कोरडं तोला, रात्रंदिवस पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ते कौल नव्हे, स्पंज.

पत्रा घेताना दुकानदार म्हणेल "पॉइंट फाइव्ह आहे", म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. विचारा, रंग धरून की नुसतं लोखंड? रंग आणि थर वजा केले की पॉइंट फाइव्हचा पॉइंट फॉर्टीटू होऊ शकतो. मायक्रोमीटर नसेल तर पत्रा वजनावर तोलून घ्या, वजन खोटं बोलत नाही. थर कसला तेही विचारा. साधा जस्ताचा असेल तर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त ते लिहिलेलं असतं. १२० आणि २७५ यांत भाव वाढतो तसं आयुष्यही वाढतं. ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्र थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, तो उन्हातान्हात जास्त टिकतो. आणि वेल्डिंगवाल्याला एकच गोष्ट बजावा: पत्रा ग्राइंडरने कापायचा नाही, कात्रीने कापायचा. ग्राइंडरची तापलेली ठिणगी रंगात रुतून बसते आणि महिन्याभरात नव्याकोऱ्या पत्र्यावर गंजाचे तांबडे ठिपके उठतात. हे मी माझ्याच घराच्या छतावर शिकलो, त्या पोराला वर चढवून खाली चहा पीत बसलो होतो.

अक्कांचं ठरलं ते असं. पांढरा पत्रा, पॉइंट फाइव्ह, लोखंड मोजून. मागची भिंत पुढच्यापेक्षा दीड फूट उंच, माथ्यावर सळईचा पट्टा, मागे उंचावर आणि पुढे दाराच्या वर जाळी. खाली इंचभर जागा सोडून बबल शीट. आणि पुढच्या ओसरीला, जिथे उतार रस्त्याकडे काढता येतो आणि जी चार फूटच खोल आहे, तिथे जुनी कौलं. भावाचं मन राखायला म्हणा किंवा उन्हाळ्यात दुपारी विड्या वळत बसायला म्हणा.

"आन् दगडं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, आता गरज नाही, तुळशीपाशी मांडा.

त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "नऊ मांडते. दोन असू दे वर."